कुंचला आणि नांगर

१९९४ साली मी उस्मानाबादेत एक ट्रेडल मशीन विकत घेतलं. तेव्हा गावाचं नाव उस्मानाबादच होतं, धाराशिव ते २०२३ मध्ये झालं. मशीन जुनं होतं, खिळेही जुनेच, आणि त्यासाठी कर्ज काढावं लागणार होतं. बँकेच्या साहेबांनी कागद पाहिले, जामीनदार पाहिला, आणि सहज विचारलं, “आणखी काय करता?” मी त्या वयाच्या भाबडेपणानं सांगून टाकलं, “कविता करतो.” साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, “अहो, कवीचा हप्ता कधी वेळेवर येतो का?” कर्ज मिळालं, पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं.

नऊ वर्षं प्रेस चालली. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, दुकानांची बिलं, उरुसाची आणि सप्ताहाची हँडबिलं. २००३ साली बंद केली. तेव्हा गल्लीतल्या लहानमोठ्यांचं एकमत झालं की कवितेनं प्रेस बुडवली. माझी अम्मी तर शेवटपर्यंत तेच म्हणायची. आणि खरं सांगतो, वीस वर्षं मीही तेच मानत आलो.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी भेटलेली काही पोरं. आमच्याकडे एका पेंडीच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहा-बारा जण जमतात. एकानं सोयाबीन निवडायचं यंत्र बनवलंय, भूमकडची एक मुलगी खवा नीट पॅक करून पुण्याला पाठवते, एक जण फवारणीची ड्रोन दुरुस्त करतो. आपल्या धंद्याला ही मुलं स्टार्टअप म्हणतात. एकमेकांचे हिशेब तपासतात, जीएसटीचं कोडं मिळून सोडवतात, कुणाचं गिऱ्हाईक बुडालं तर त्याला चहा पाजतात. मला त्यांनी ‘काहीतरी बोला’ म्हणून बोलावलं होतं. मी काय बोललो ते मलाही आठवत नाही. निघताना जिन्यात मात्र एका मुलानं गाठलं. हळूच म्हणाला, “चाचा, मी बासरी वाजवतो. घरचे म्हणतात, आधी धंदा उभा कर, मग काय वाजवायचं ते वाजव. बासरी सोडू का?”

मला उत्तर देता आलं नाही. बुडालेल्या प्रेसवाल्यानं काय सल्ला द्यायचा? म्हणून मग मी इतिहासाकडे गेलो. बी. ए. ला इतिहास होता. तेवढ्या पुंजीवर जे सापडलं ते आज सांगतो आहे.

पहिल्यांदा आपल्या दाराशीच पाहू. धाराशिवपासून जवळच तेरणा नदीच्या काठावर तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात ‘तगर’ नावाचं एक मोठं शहर येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते असल्याचं तो सांगतो. हे तगर म्हणजेच आपलं तेर, असं फ्लीट या अभ्यासकानं १९०१ साली मांडलं. तगरहून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची तलम मलमल आणि इतर माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात असे, आणि तोही धड रस्ते नसलेल्या मुलखातून. ज्यांना तेर ते धाराशिव एसटीनं जायचा सराव आहे त्यांना त्या गाडीवानांची कल्पना चटकन येईल.

आता कापड भडोचला जातं म्हणजे काय काय होतं ते पाहा. कुणीतरी कापूस पिंजतो, कुणी कातते, कुणी विणतो, कुणी रंगवतो, कुणी गाडी जोडतो, कुणी पैसा पुरवतो. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे. पण हे लोक नुसतं कापड विणून झोपत नव्हते. तेरच्या मातीतून ज्या वस्तू निघाल्या, त्यांत केशरचनेचे नाना प्रकार असलेल्या मृण्मूर्ती आहेत, मणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, हस्तिदंती कोरीवकाम आहे. इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथं भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती आपल्या तेरला आहे. कुठं पाँपेई, कुठं तेर!

तेरच्या या वस्तू आज आपल्याला पाहायला मिळतात त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणावर एका व्यापाऱ्याच्या छंदाला आहे. रामलिंगप्पा लामतुरे. पांढरीच्या मातीत, पावसानंतर शेतात, कुणाच्या घराचा पाया खणताना जे जे निघे ते हा माणूस जमवत गेला. दुकानदारी करणारा गृहस्थ फुटक्या मातीची डोकी घरात साठवतो म्हटल्यावर लोक काय म्हणाले असतील ते मला वेगळं सांगायला नको. त्या डोक्यांवर पुढं ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेटनं १९६० साली पुस्तक लिहिलं. आज तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय लामतुऱ्यांच्याच नावानं उभं आहे.

आणि तेरचा आणखी एक कारागीर आपण विसरूच शकत नाही. गोरोबाकाका. मडकी घडवता घडवता अभंग रचणारे. त्यांच्या मंडळींत माळी होता, सोनार होता, शिंपी होता, न्हावी होता. थापटण्यानं संतांची डोकी वाजवून कोणतं मडकं कच्चं हे गोरोबांनी सांगितल्याची कथा आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. मी त्या कथेकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहतो. आपल्या धंद्याचं हत्यार त्यांनी कवींच्या बैठकीत आणलं, आणि नामदेवासारख्याला ‘कच्चा’ म्हणवून घेऊन तिथून उठून जावं लागलं. ज्या मंडळीत असं तोंडावर सांगणारं कुणी नसतं त्या मंडळीचं काही खरं नसतं. माझ्या प्रेसच्या दिवसांत मला असा एक कुंभार भेटला असता तर! पण ते पुढं येईल.

गोरोबांचं जुनं उदाहरण दिलं की आजची पोरं मान डोलावतात आणि मनात म्हणतात, ते संत होते, आम्हाला कर्जाचे हप्ते आहेत. म्हणून मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली. ती सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुलाला नाद चित्रांचा. वडिलांची नाराजी पत्करून, थोरले भाऊ रामुअण्णा यांच्या आधारानं, हा मुलगा १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. दोन वर्षांनी कळलं की त्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकाराला रंगांधळेपणा! माझ्यासारखा असता तर तिथंच बसून शोककाव्य लिहिलं असतं. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा धरून ठेवली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. फावल्या वेळात तिथल्या कारखान्यात यंत्रं उघडून पाहायची, इंग्रजी मासिकं चाळायची. मुंबईत सायकल दिसली, तशी ती बेळगावला भावाकडे धाडली. रामुअण्णा बेळगावात सायकली विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. १८८८ साली सुरू झालेलं ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे असं दोन भावांचं दुकान होतं.

पुढं हक्काची बढती डावलून ती दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. या नांगराची हकिगत मी त्या पोरांना दोनदा सांगितली. नांगर चांगला होता, पण लोखंडानं जमिनीत विष भिनेल असं शेतकऱ्याला वाटे. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! त्यात बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला सांगितली. खपत नसलेला माल, हाताशी कामगार आणि डोक्यावर छप्पर नाही, अशी अवस्था.

इथं औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी येतात. १९०९ मध्ये ते छोट्याशा औंध संस्थानच्या गादीवर बसले. हा राजा स्वतः चित्रकार. रामायण त्यानं चित्रांतून मांडलं, कीर्तनं केली, सूर्यनमस्कारांचा प्रसार तर जगभर केला. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचा तो अध्यक्ष होता. लक्ष्मणराव औंधच्या देवळाच्या सभामंडपाचं काम करत होते, तेव्हा त्यांची अडचण राजाला कळली. त्यानं आपल्या संस्थानातली जागा देऊ केली. कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ आणि १०,००० रुपये बिनव्याजी. माळावर निवडुंग आणि निवडुंगात नाग. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला तो पंचवीसेक कामगार आणि त्यांच्या कुटुंबांनिशी.

एका चित्रकाराला दुसऱ्या चित्रकारानं ओळखलं, असं मला यात दिसतं. माझ्या बँकेच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. बाळासाहेबांना मात्र देवळाच्या कामातच माणसाचा हात दिसला. हात पाहणाऱ्याला मग जामीनदाराची फारशी गरज राहत नाही.

त्या माळावर जमलेली माणसंही पाहण्यासारखी होती. रूढ अर्थानं ‘वाया गेलेली’ म्हणावीत अशी त्यांत बरीच होती. शिक्षण अर्धवट राहिलेली, दुसरीकडे धंद्यात ठोकर खाल्लेली. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या काहींना तर लक्ष्मणरावांनी राखणीवर ठेवलं. वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही असा त्यांचा दंडक होता. पुढं नांगराबरोबर उसाचे चरक आले, भुईमुगाची यंत्रं आली, पंप आले.

आणि याच कारखान्यातून, १९२० साली, एक मासिक निघालं. ‘किर्लोस्कर खबर’. काढणारे शंकरराव किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचे पुतणे, चित्रकार आणि व्यंगचित्रकार. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी, एवढाच सुरुवातीचा हेतू. पण चित्रकाराच्या हातातलं पत्रक पत्रक राहतं थोडंच? त्यात कथा आल्या, विचार आले, व्यंगचित्रं आली. भाषाशुद्धीचे वारे वाहत होते, त्यात नावातला ‘खबर’ गळाला आणि नुसतं ‘किर्लोस्कर’ राहिलं. मला त्या बिचाऱ्या शब्दाबद्दल थोडं वाईट वाटतं. अरबीतून आला होता, पण शतकानुशतकं इथंच राहिला होता. असो. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ अशी आणखी दोन मासिकं तिथूनच निघाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी लिहित्या हातांना पहिला मजकूर छापलेला दिसला तो या मासिकांमधून. ज्या माळावर नांगराचा फाळ ओतला जाई त्याच माळावर विधवाविवाहावरचे लेख जुळवले जात होते. माझ्यासारख्या खिळे जुळवणाऱ्याला ते डोळ्यांपुढं आणायला फार आवडतं.

औंधचा परिसरच त्या काळी तसा होता. पंडित सातवळेकर, जे मुळात चित्रकार, तिथं येऊन राहिले आणि वेदांच्या अभ्यासाबरोबर छापखानाही चालवू लागले. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील आमच्या आजोळी माझ्या लहानपणापर्यंत होता.

पण मी हे चित्र फार गोड रंगवलं तर इतिहासाच्या मास्तरांना आवडणार नाही. वाडी म्हणजे काही बरोबरीच्या उद्योजकांचा मेळा नव्हता. मालक एक होता, बाकीचे त्याच्या हाताखाली. राजाची मर्जी होती म्हणून जमीन मिळाली. ज्याला राजा भेटला नाही त्यानं काय करायचं, याचं उत्तर त्या गोष्टीत नाही. शिवाय शिकलेल्या घरांत यंत्राची आणि मासिकाची ओढ आधीपासून होती. आमच्या निजामी मराठवाड्यात शाळाच बोटांवर मोजण्याइतक्या, तिथं मासिक कुणी काढायचं आणि कुणी वाचायचं? हे अंतर विसरून आजच्या पोराला ‘किर्लोस्कर हो’ म्हणणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे.

दुसरं म्हणजे १९४८. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला गेला. अडतीस वर्षांची मेहनत. त्याच वर्षी सप्टेंबरात इकडे हैदराबादेत पोलीस कारवाई झाली. त्याआधी रझाकारांनी जे अत्याचार केले ते आमच्या भागानं सोसले होते. नंतर जे झालं तेही याच भागानं पाहिलं. पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक हानी झालेले जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद होतं. माझे आजोबा रंगारी. लुगडी, पागोटी, चादरी रंगवायचे. त्यांच्या रंगाच्या रांजणांचे त्या दिवसांत तुकडे झाले. घराच्या भिंतीवर निळीचा एक मोठा ओघळ होता, तो मी लहानपणी पाहिलेला आहे. चुना दिला तरी पावसाळ्यात परत वर यायचा.

आजोबा गाव सोडून निघाले होते. एका लिंगायत कापडव्यापाऱ्यानं त्यांना वेशीतून परत आणलं. म्हणाला, “मामू, तुम्ही गेलात तर माझं कापड पांढरंच राहील.” रंग उधार दिला, रांजण दिले, पुढच्या दसऱ्यापर्यंत पैशाचा विषय काढला नाही. आजोबा संध्याकाळी मोहरमच्या मर्सियांबरोबर भारूडंही म्हणत, आणि तो व्यापारी ऐकायला येई. वाडीचा कारखानाही पुन्हा उभा राहिला, आज तिथं पंप बनतात. लक्ष्मणराव १९५६ साली वारले तेव्हा त्यांनी दोन्ही पाहिलं होतं, माळ हिरवा झालेला आणि जळालेला.

पडलेलं उभं करण्याची आमच्या जिल्ह्याला सवयच आहे म्हणा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबादच्या गावांत बायकांचे गट उभे राहिले. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर आधी त्या घरबांधणीवर देखरेख करायला शिकल्या, मग बचत करायला, मग धंदे करायला. त्या संस्थेच्या प्रेमा गोपालन २०२२ मध्ये गेल्या. आमच्या रविवारच्या खोलीतली खव्यावाली मुलगी ज्या आईच्या हाताखाली शिकली, ती अशाच एका बचतगटातली.

हे सगळं वाचत असताना मला एक दिवस वाटलं, आपण दुसऱ्यांचे इतिहास पाहतो आहोत, आपला कधी पाहिला? माळ्यावरच्या पेटीतून प्रेसच्या वह्या काढल्या. नऊ वर्षांच्या नऊ वह्या, लाल कापडाच्या. दोन रात्री बसून हिशेब केला. कवितेवर गेलेला कागद निघाला वर्षाला दोन-तीन रिम, तोही बराचसा कापून उरलेला. शाई तर मोजण्याइतकीही नाही. रात्री प्रेस माझ्यासाठी चालायची, दिवसा गिऱ्हाइकासाठी. त्यात एकाही लग्नाची पत्रिका मुहूर्त चुकून गेलेली नाही.

मग पैसा गेला कुठं? तेही वहीतच होतं. गावात आम्ही चार ट्रेडलवाले. चौघांनी एकमेकांपासून दर लपवले आणि एकमेकांखाली दर पाडले. १९९८ मध्ये माझा शंभर पत्रिकांचा दर १९९५ पेक्षा कमी होता. डीटीपी आणि ऑफसेट आलं, तेव्हा चौघांनी मिळून एक मशीन घेतलं असतं तर निभावलं असतं. पण आम्ही चौघं चहालासुद्धा वेगवेगळ्या हॉटेलांत बसायचो. आणि गंमत अशी, की शेवटच्या दोन वर्षांत जी कामं टिकून होती ती कवितेमुळे ओळख झालेल्या माणसांची होती. एक अनियतकालिक, दोन शाळांची स्नेहसंमेलनं, कविसंमेलनाच्या पत्रिका. वहीत त्यांच्यापुढं ‘रोख’ असं लिहिलेलं आहे. अम्मी आज असती तर मी तिला ती पानं वाचून दाखवली असती. तिला अक्षर येत नव्हतं, पण हिशेब पक्का कळायचा.

पुढच्या रविवारी मी वह्या घेऊन त्या खोलीत गेलो. भाषण केलं नाही, वह्याच मध्ये ठेवल्या. सोयाबीनच्या यंत्रावाल्यानं पहिली वही तासभर चाळली आणि सरळ विचारलं, “चाचा, दर पाडताना तुम्ही कुणालाच विचारलं नाही?” म्हटलं, नाही रे बाबा. बासरीवाला काही बोलला नाही. मात्र त्यानंतरच्या रविवारी त्याच्या पिशवीतून बासरीचं टोक बाहेर दिसत होतं, आणि कुणी त्याबद्दल विचारलंही नाही.

माझं ट्रेडल अजून आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. भंगारवाला दरवर्षी येऊन वजनाचा अंदाज घेऊन जातो. गेल्या महिन्यात ही सगळी टोळी ते पाहायला आली. यंत्रावाल्यानं चाकाला तेल घातलं, गंजलेला पायटा मोकळा केला, आणि सगळ्यांनी आळीपाळीनं पाय मारला. चाक फिरलं. खिळ्यांची निम्मी घरं उंदरांनी नासवली आहेत, ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ तर शोधावे लागतील. रोलर मात्र नवेच टाकायला हवेत. ते कुठं मिळतात आणि केवढ्याला पडतील याची चौकशी खव्यावाल्या मुलीनं आपल्याकडे घेतली आहे.